कोष्ट्याची इर्जिक

लहानथोर मंडळी, ही फार जुन्या काळातली गोष्ट. डोंगरापलीकडच्या एका गावात एक कोष्टी राहत होता. बायको वारली, तो दारूच्या नादी लागला आणि घराचं होत्याचं नव्हतं झालं. त्याची चिमुरडी लेक बापाची चाहूल लागली की कणगीमागे लपायची. शेवटी पाटलीणबाईंनी तिला आपल्या घरी नेलं, न्हाऊमाखू घातलं. पोर बाळसं धरू लागली.

एके दिवशी कोष्ट्यानं कानाला खडा लावला आणि पाटलिणीच्या दारात येऊन लेक मागितली. त्याचे हात थरथरत होते. त्या हातांवर भरवसा कसा ठेवावा? पाटलीणबाईंनी सरळ नाही म्हटलं.

तेव्हा गावची म्हातारी सुईण काठी टेकत पुढं आली. म्हणाली, "एकट्यानं रान नांगरून होत नसलं, की आपण गावचे बैल जुंपून इर्जिक करतो. आता या माणसाची इर्जिक करा. पण रीत मोडू नका. नांगराचं पहिलं तास मालकानं धरायचं, आणि शेवटचं जेवण त्याच्याच हातचं."

कोष्ट्यानं दारूची मडकी स्वतः फोडली. मग रोज तिन्हीसांजेला, त्याच्या पिण्याच्या वेळेला, कुणी ना कुणी त्याच्या ओसरीवर येऊन बसू लागलं. पाटलीणबाई पोरीला घेऊन येत. कोष्टी घामानं निथळायचा, चिडायचा, एकदा तर घसरून पुन्हा प्यालाही. दुसऱ्या सांजेला माणसं तशीच आली. पोर आधी पाटलिणीच्या मांडीवर बसायची, मग उंबऱ्यावर, मग मागाजवळ.

सुगी संपली आणि जेवणाचा दिवस आला. अख्खा गाव पंगतीला बसला. कोष्ट्याची पहिली भाकरी थापतानाच फाटली. दुसरीही फाटली. पाटलीणबाई मदतीला उठल्या, तर सुईणीनं त्यांचा पदर धरला. कुणी हसलं नाही, कुणी घाई केली नाही. एका माणसाच्या हातांसाठी सारा गाव उपाशी, गप्प बसला होता. पाटलीणबाईंच्या अंगावर काटा आला. देवाच्या गाभाऱ्यातही त्यांना असं कधी झालं नव्हतं.

तेवढ्यात पोर उठली. परातीपाशी गेली, पिठावर पाण्याचा हबका मारला आणि म्हणाली, "बा, हळू थाप."

तिसरी भाकरी अखंड उतरली. ती बापानं पोरीच्या हातावर ठेवली. पोर तिथंच त्याला टेकून जेवली.

त्या दिवशी पाटलीणबाई एकट्याच घरी परतल्या. वाटभर रडल्या. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मात्र पुन्हा त्याच ओसरीवर येऊन बसल्या.

तात्पर्य : लेकराला खरं सांभाळायचं, तर त्याचा बाप उभा राहीपर्यंत बापापाशीही बसावं लागतं.