अर्धा र

नगरपालिकेत नवे मुख्याधिकारी आले आणि आल्या दिवशीच त्यांनी फर्मान काढलं: आजपासून सगळं काम ‘झपाटा’ या नव्या ब्राउझरवर, जुना बंद! साहेबांचं आडनाव बऱ्हाणे, आणि तोंडी कायम एकच वाक्य, “मला बहाणे चालत नाहीत!”

कंत्राटी ऑपरेटर रेवती डहाकेने लगेच झपाटा उघडून पाहिला. झपाट्यात ‘ऱ्’ हे अर्धं अक्षर उमटतच नव्हतं, चक्क गळून पडत होतं. अकरा वाजता साहेबांच्या नावाची जाहीर सूचना गावभर जाणार होती. चूक दाखवावी, तर साहेब भडकणार. आणि तिचं कंत्राट तर याच महिन्यात संपत होतं. लॅपटॉप छातीशी धरून ती केबिनमध्ये शिरली.

“साहेब, आजच्यापुरता जुनाच ब्राउझर वापरू का?”

“झालं सुरू!” साहेब कडाडले. “डहाकेबाई, मला बहाणे नकोत!”

रेवतीने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. झपाट्यात सूचना उघडी होती. खाली सहीच्या जागी लिहिलेलं होतं: मुख्याधिकारी बहाणे.

“मलाही नकोत, साहेब,” ती हळूच म्हणाली. “मला बऱ्हाणेच हवेत. पण ते जुन्यातच मिळतात.”