हत्तीची रजा

"दोनशे वर्षं! दोनशे वर्षं सांगून बसलोय मी त्यांना!" बेलसांगवीचे महाराज भुजंगराव दिवाणांवर ओरडले.

झाले होते ते असे. विलायतेत थॉर्नमिअर नावाच्या एका गावी मेयरसाहेबांनी महाराजांना जेवायला बोलावले होते. जेवणघराच्या भिंतीवर मोठी लाकडी पाटी होती आणि तिच्यावर सोनेरी अक्षरांत त्या गावच्या नगरसभेच्या दोनशे वर्षांतल्या निवडणुका होत्या. साहेबांनी सहज विचारले, "तुमच्या गावात निवडणुका कधीपासून?" महाराजांना कमीपणा घेणे जमत नसे. ते म्हणाले, "दोनशे वर्षांपासून. पाटीही आहे." आता साहेब दिवाळीत ती पाटी बघायला येणार होते.

बेलसांगवीत एकही निवडणूक झालेली नव्हती.

"घटस्थापनेला पाटी तयार पाहिजे," महाराज म्हणाले. "आणि एक अक्षर खोटं नको! साहेब जुने कागद मागितल्याशिवाय राहणार नाहीत. पाटी झाली नाही, किंवा खोटी निघाली, तर ती करणारा घरादारासकट संस्थानाबाहेर!"

दिवाणांनी हुकूम दफ्तरदारांकडे पाठवला. दफ्तरदारांना ताप भरला. हेडकारकून काशीला निघून गेले. दुय्यम कारकुनाच्या सासूबाई वारल्या. माझ्या माहितीप्रमाणे त्या आदल्या वर्षीही एकदा वारल्या होत्या. असा उतरत उतरत हुकूम भिकोबापाशी येऊन थांबला. भिकोबा दफ्तरखान्यात कागदांचे रुमाल बांधणारा शिपाई. त्याच्या खाली कोणीच नव्हते.

"सगुणे, सामान बांधायला घे," घरी येऊन तो मुलीला म्हणाला.

"कुठं निघालो आबा?"

"संस्थानाबाहेर. कधी न झालेल्या गोष्टीचा खरा इतिहास लिहायचाय मला."

सगुणा मुलींच्या शाळेत शिकवायची. मोडी बापाकडून शिकली होती, इंग्रजी शाळेत. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "महाराजांनी त्या गावचं एखादं पुस्तक आणलंय का?"

"आणलंय. फडताळात आहे. पुडकं फोडलेलंसुद्धा नाही."

"ते घेऊन या. आणि दसऱ्याच्या दरबाराचे रुमाल काढून ठेवा. सगळे."

घटस्थापनेला पाटी दरबारात लागली. ती इतकी लांब झाली की कोपऱ्यात वळवावी लागली. साल, निवडून आलेले, मतदान, शेरा, असे रकाने. प्रत्येक सालापुढे सात नावे, आणि मतदानाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत जवळजवळ एकच शब्द होता, 'बिनविरोध'.

"खोटं!" महाराज कडाडले. भिकोबाने डोळे मिटून घेतले. "इथं निवडणूक झालीच कधी?"

बापाच्या मागे उभी असलेली सगुणा पुढे झाली. "सरकार, दसऱ्याला दरबारात काय होतं?"

"आम्ही गावच्या सात पंचांची नावं सांगतो."

"मग?"

"मग चोपदार पायरीवर उभा राहून तीनदा विचारतो, कोणाची हरकत?"

"आणि?"

"आणि काय? कोणाची नसते!"

"झाली की निवडणूक! थॉर्नमिअरच्या पुस्तकात लिहिलंय, जितक्या जागा तितकीच नावं आली आणि मुदतीत आणखी कोणी उभं राहिलं नाही, तर ती माणसं बिनविरोध निवडून आली असं धरायचं. त्यांच्या पाटीवर अशा एकेचाळीस निवडणुका आहेत. आपल्या रुमालांत दोनशे वर्षांच्या आहेत, त्यांच्याहून जास्त."

"जास्त!" महाराज खूश झाले. मग त्यांची नजर शेवटच्या रकान्यावर गेली. 'हत्ती हजर. हत्ती हजर. हत्ती हजर.'

"हे काय?"

"शेरा, सरकार. त्यांच्या पाटीवरही आहे. 'गावात पूर', 'फार बर्फ'. लोक का आले नाहीत ते कळावं म्हणून. आपल्याकडे पायरीपाशी हत्ती उभा असतो, रुमालांत त्याची हजेरी आहे."

"तो मानाचा हत्ती आहे!"

"हो सरकार. पण चोपदार विचारतो तेव्हा लोक त्याच्या पायांकडे बघत असतात."

महाराजांचे बोट एका ओळीवर थांबले. सन १८३७. सहा बिनविरोध, एक हरकत. शेरा: हत्ती आजारी.

"हरकत कोणाची?"

"धोंडू तेल्याची. पाचव्या पंचानं आळीचं पाणी आपल्या मळ्यात वळवलं, असं त्याचं म्हणणं होतं."

पुढच्याच ओळीत शेरा होता: 'हत्ती हजर. धोंडू गैरहजर.'

"पुसून टाक हा रकाना!"

"पुसते. पण मग साहेब विचारतील, एवढ्या वर्षांत कोणालाच का उभं राहावंसं वाटलं नाही? त्यांना काय सांगायचं?"

महाराज पाटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. "आणि हा रकाना ठेवला तर माझं तोंड कुठं लपवू? पोरी, तूच गोत्यात आणलंस, आता तूच बाहेर काढ! नाहीतर बापलेक दोघं उद्या वेशीबाहेर!"

"शेवटची ओळ मोकळी ठेवलीय, सरकार. यंदाची. दसरा नऊ दिवसांवर आहे, साहेब दिवाळीत येणार. ही एक ओळ नीट भरली, तर साहेब तीच वाचत उभे राहतील."

"ती भरायला काय करू? कायदा करू? विलायतेहून माणूस मागवू?"

"एवढं कशाला, सरकार? हत्तीला एक दिवस रजा द्या!"

महाराजांनी सगुणेकडे पाहिले, पाटीकडे पाहिले, आणि ते असे हसत सुटले की मागे ढाळली जाणारी चवरीही थांबली.

हत्तीच्या रजेच्या अर्जावर त्यांनी स्वतः सही केली. दफ्तरदारांचा ताप उतरत नव्हता, म्हणून त्यांची जागा भिकोबाला मिळाली. निवडणुकीची सगळी व्यवस्था सगुणेकडे आली, सालीना दोनशे रुपये आणि वर्षातून एकदा हत्तीला रजा देण्याचा अधिकार.

दसऱ्याला चोपदाराने विचारले, "कोणाची हरकत?" छत्तीस जण एकदम बोलले. चोपदाराला उत्तराची सवय नव्हती. तो पायरीवरच खाली बसला. सगुणेने त्या छत्तीस जणांची नावे महाराजांच्या सात नावांखाली उमेदवार म्हणून लिहून घेतली आणि दिवाळीआधी मतदान उरकले.

मेयरसाहेब शेवटच्या ओळीपुढे बराच वेळ उभे होते. जागा सात, उमेदवार त्रेचाळीस. शेरा: हत्ती रजेवर.