पाच पायांचा रुपया

भिवरेची झोप उडाली होती ती एका भाकरीपायी.

त्या दिवशी आपण हाक मारली नसती तर? तिचा नवरा कोंडाजी सोंडगडच्या टांकसाळीत रुपयाचा ठसा कोरत होता. हत्तीचा एक पाय ठोकून झाला आणि हिने दारातून आवाज दिला, "अहो, भाकरी निवतेय!" तो उठला, जेवला आणि परत येऊन त्याने अगदी मोजून चार पाय ठोकले. झाले पाच! त्या ठशाने चारशे रुपये पाडले, मग तो तडकला. तोवर रुपये पगारात वाटूनही झाले होते. गार भाकरीने कुणी मेलं असतं का? भिवरा कूस बदलत स्वतःलाच विचारी.

शेजारच्या राजाने त्यातलाच एक रुपया तबकात घालून महाराजांना भेट पाठवला. सोबत चिठ्ठी: 'आपला हत्ती लढाईत मागे का राहतो ते आत्ता कळलं. पायात पाय येत असणार!'

महाराजांनी तो रुपया भर दरबारात आपटला. "आठ दिवसांत चारशेच्या चारशे परत पाहिजेत! रुपयाला रुपया द्यायचा, वर कवडी नाही. जबरदस्ती नाही, खोटं बोलणं नाही. एक जरी कमी भरला तर या कोंडाजीचा अंगठा उतरवीन!"

एवढं बोलून घरंगळलेला रुपया त्यांनी स्वतःच उचलला, शेल्याला पुसला आणि कमरबंदात खोचला.

कोंडाजीने शेजारी उभ्या असलेल्या भिवरेकडे बघितलं. "आणू, सरकार," भिवरा बोलून गेली. आणि बोलून गेल्यावर तिला घाम फुटला.

कारण सराफकट्ट्यावर झुंबरशेठ डोळ्याला भिंग लावून बसला होता. "पाचवा पाय पुसट असेल तर पंचवीस रुपये! ठळक असेल तर पन्नास! आणि पायाला नखं दिसत असतील, तर पाऊणशे!" एरवी हाच शेठ खणखणीत रुपयालाही नाक मुरडायचा आणि दोन आणे बट्टा कापायचा. आता चुकलेल्या रुपयाची आरती ओवाळायचीच काय ती राहिली होती. तबेल्यातले मोतद्दार घोडे सोडून रुपयावरच्या हत्तीची नखं मोजत बसले.

भिवरा खजिन्यातून मिळालेली नव्या रुपयांची थैली घेऊन दारोदार फिरली. लोक हसले. झुंबरशेठ तर खो खो हसला. "वहिनी, अंगठा तुमच्या घरचा, रुपये आमच्या घरचे! उगाच गल्लत कशाला करता?"

पाच दिवस गेले. हाती एक रुपया आला नाही.

सहाव्या दिवशी सकाळी तिच्या पाच वर्षांच्या लेकीने, ठमीने, आपली लाल भिंगरी अंगणात भिरकावून दिली.

"अगं, कालपर्यंत कुणाला हात लावू देत नव्हतीस!"

"वाण्याकडे टोपलीभर आल्यात आता," ठमी म्हणाली. "सगळ्यांकडे आहे."

भिवरा लेकीकडे बघतच राहिली. मग आत जाऊन तिने नवऱ्याला हलवलं. "उठा! हत्यारं घ्या. टांकसाळीच्या दारात बसायचं."

"कशाला?"

"हत्ती कोरायला. पाच पायांचा!"

"अगं, दुसराही अंगठा घालवतेस का?"

पण तो बसला. ठक्, ठक्! बघ्यांची गर्दी जमली आणि मोठ्याने मोजू लागली. तीन... चार... पाच! एक ठसा झाला, दुसरा झाला. तिसरा निम्मा होतोय तोच झुंबरशेठ धापा टाकत आला.

"अहो कोंडाजी, माणसाकडून चूक एकदा होते!"

"आता हात बसलाय त्यांचा," भिवरा म्हणाली.

"एका ठशातून रुपये किती निघतात?"

"ठसा चांगला निघाला तर वीस हजार सहज."

"म्हणजे... सरकार हेच रुपये पाडणार?"

"ते सरकारला विचारा, शेठ. मी कोण सांगणार?"

शेठ सरकारला विचारायला गेला नाही. विकायला पळाला!

दुपारी भाव दहावर आला, उन्हं कलताना तीनवर. दिवेलागणीला लोक एकमेकांना विचारत होते, "घेता का हो कुणी?" दुसऱ्या दिवशी भिवरेच्या दारात रांग लागली. रांगेच्या शेवटी दोनशे रुपयांची थैली घेऊन झुंबरशेठ.

"वहिनी, सव्वा रुपयाने घ्या."

"एक."

"अहो, यांना नखं आहेत!"

"मग कापून आणा."

शेठने थैली ओतली. "बट्टा किती कापणार?" त्याने पडेल आवाजात विचारलं.

"आम्ही कापत नाही, शेठ. एवढ्या हुशारीचं काम आम्हाला जमत नाही."

आठव्या दिवशी दरबारात मोजणी झाली. दिवाणजी पुटपुटले, "तीनशे नव्व्याण्णव. एक कमी!"

कोंडाजीने अंगठा मुठीत लपवला. ठमीने आईचा पदर धरला.

"सरकार," भिवरा म्हणाली, "चारशेवा एका बड्या माणसाकडे अडकलाय. झुंबरशेठच्या हातून दोनशे सुटले, पण यांच्या हातून एक सुटत नाही."

"कोण तो हावरट? नाव सांग!"

"नाव कसं घेऊ? पण रुपया त्यांच्या कमरबंदात आहे."

महाराजांचा हात आपसूक कमरेला गेला. भिवरेने एक नवा रुपया तळहातावर ठेवून पुढे केला.

"रुपयाला रुपया, सरकार. वर कवडी नाही!"

महाराजांनी कमरबंदातला रुपया काढला, एकदा डोळ्यांजवळ नेला, आणि इतके हसले की मंदील कानावर घसरला. "अगं, याला नखं आहेत! झुंबरशेठ पाऊणशे म्हणाला होता! बरं, आणि ते नवे ठसे?"

"कोरले, पण रुपया एकही पाडला नाही. हे घ्या, आत्ता फोडा!"

महाराजांनी कोंडाजीच्या अंगठ्यात सोन्याचं वळं घातलं आणि भिवरेच्या ओटीत शंभर रुपये ओतले. कोंडाजीच्या अगदी ताज्या ठशातून त्याच सकाळी पाडलेले. "पाय मोजून घे हं!" ते म्हणाले, आणि पुन्हा हसू लागले.

भिवरेने मोजले. चार! असणारच. तो ठसा कोरताना ती नवऱ्याच्या शेजारी ठाण मांडून बसली होती. भाकरी निवू दिली, आणि सारखं एकच बजावलं, 'फक्त पायांकडे बघा.' आठ दिवसांत पहिल्यांदा तिने मोकळा श्वास घेतला.

ठमीने ओटीतला एक रुपया उचलला. अलीकडून बघितला, पलीकडून बघितला.

"आई," ती म्हणाली, "या हत्तीला शेपूट कुठंय?"