पिवळ्या ट्यूबखाली बापूशेठ

नव्या पिवळसर ट्यूबखाली तान्हुला पिवळाधमक दिसायचा. कावीळच झाली म्हणून मृण्मयी दोनदा दवाखान्यात धावली. "बाळ ठणठणीत आहे, ट्यूब बदला," डॉक्टर हसले.

पण दुकानदार बापूशेठ ती बदलून देईनात. "अहो ताई, उजेड तो उजेड! खोट ट्यूबमध्ये नाही, तुमच्या मनात आहे."

क्षणभर तिलाही ते पटलं. मग ती म्हणाली, "बरं, इथे लावून तर दाखवा."

शेठनी ऐटीत ट्यूब लावली. मृण्मयीने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "शेठ, तुमचे डोळे पिवळे दिसतात हो! कावीळ तर नाही ना?"

शेठनी घाईघाईने भिंतीवरचा आरसा काढला, त्यात पाहिलं आणि तो घेऊन थेट उन्हात धावले.

"बाहेर कशाला, शेठ?" मृण्मयीने विचारलं. "उजेड तो उजेड ना?"

शेठनी आत येऊन फळीवरची पांढरी ट्यूब काढून दिली.