भिंतीवरचा पळपुटा राजा

एक होता राजा. राजा होता म्हणून शहाणा असेलच असं नाही हं! लांब आफ्रिकेच्या पश्चिम भागात, वाळवंट संपून झाडं लागतात ना, तिथे त्याचं राज्य. राज्याचं नाव तियाकरा. राजाचं नाव अबुग्रे. वय कोवळं, मिशी नुकती फुटलेली, तोरा मात्र हत्तीएवढा.

त्याचा राजवाडा सोन्याचा नव्हता, दगडाचाही नव्हता. मातीचा होता. हसू नका, माती काय कमी असते? चांगल्या जाड, गोल गोल भिंती. दार एवढंसं. आत जायचं तर राजालासुद्धा वाकावं लागायचं.

दरवर्षी पाऊस सरला की गावातल्या बायका जमायच्या. शेण-माती कालवायच्या, भिंती लिंपायच्या, गोट्यांनी घोटून घोटून गुळगुळीत करायच्या. मग त्यावर चित्रं काढायच्या. तांबडी गेरूची, पांढरी खडूची, काळी काजळीची. वरून एका झाडाच्या शेंगा उकळून काढलेलं पाणी मारलं की चित्र पक्कं. पुरुषांनी या कामाला हात लावायचा नाही, अशी तिथली रीतच होती. राजवाडा राजाचा, पण भिंत बायकांची!

आणि काय काढायच्या त्या? वेलबुट्टी नव्हे. आधी होऊन गेलेल्या राजांनी जे जे केलं, ते. त्या राज्यात बखरी नव्हत्या, पोथ्या नव्हत्या. भिंत हीच बखर. ज्या राजानं विहीर खणली त्याच्या नावानं विहीर. ज्या राणीनं बिबट्याला हुसकावलं तिच्या नावानं बिबट्या, शेपूट घातलेला. आणि या अबुग्रेचा आजा? त्याचं चित्र होतं पाठमोरं. ढाल टाकून पळत सुटलेला राजा.

कारण तो पळालाच होता मुळी. शत्रू चालून आला नि हा मागच्या दारानं पसार. पुढच्या दारात गावातली पोरं लढली आणि मेली. ते चित्र ज्या बाईनं काढलं ना, तिचे दोन्ही मुलगे त्या दारात पडले होते. डोळे पुसले, कुंचला उचलला आणि झालं तसं काढलं. आता तिची नात म्हातारी झाली होती. तिचं नाव अपोका. भिंतीच्या कामाची मुख्य तीच.

एकदा काय झालं, शेजारच्या राज्याचे पाहुणे आले. चित्रं बघत बघत पळपुट्या राजापाशी थांबले आणि गालातल्या गालात हसले. झालं! अबुग्रेच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यानं अपोकाला बोलावलं.

"म्हातारे, ते चित्र पूस."

"नाही पुसणार," अपोका म्हणाली.

"मी राजा आहे!"

"मग राजासारखा वाग की. पळाला तो पळाला. मी पुसल्यानं तो काय परत फिरून लढणार आहे?"

बघा, कशी बोलली! मला तर बाई, ती फार आवडते.

मग राजानं शिपाई बोलावले, एक बादली स्वतःही उचलली. शिपायांनी बादल्या भरभरून पांढरी माती कालवली आणि चित्रावर फासली. भिंत पांढरीफटक. राजा खूश. पण ऊन चढलं, माती वाळली, आणि आतून आजोबा हळूच वर आले. आधी टाच, मग पाठ, मग पडलेली ढाल. पहिल्यापेक्षा ठळक!

मग राजा चिडला. म्हणाला, "भिंतच पाडा!" तेवढा तुकडा पाडला. पुरुषांनी नवा बांधला, वेडावाकडा, त्यांना कुठलं येतंय लिंपायला? पण चित्र गेलं खरं. राजा दमून पाणी प्यायला रांजणावर वाकला. वाकला आणि दचकला. पाण्यात आभाळ दिसत होतं, रांजणाचा काठ दिसत होता. राजाचं तोंड काही दिसत नव्हतं.

तुम्ही असता तर थांबला असता की नाही? हा नाही थांबला. हट्ट, दुसरं काय! मग त्यानं स्वतःच कुंचला उचलला. रीत गेली खड्ड्यात! नव्या तुकड्यावर त्यानं आपला आजा काढला, सिंहाच्या छातीवर पाय देऊन उभा. चित्र पुरं झालं मात्र, शेजारचं त्याच्या बापाचं चित्र फिकं व्हायला लागलं. बापाचं चित्र कसलं होतं, सांगते. दारात पाय रोवून उभा, हातात भाला. पुन्हा शत्रू आला तेव्हा तो पळाला नव्हता, बरं का. ते चित्र विटलं, विरलं, आणि नाहीसं झालं.

राजा धावत आईकडे गेला. "आई, बघ ना काय झालं!"

आईनं त्याच्याकडे टक लावून बघितलं. "कुणाचा रे तू, बाळा? वाट चुकलास का?"

 राजा तसाच बाहेर पळाला, अंगणभर हिंडला. कुणी मुजरा करेना. मग पुन्हा आत जायला लागला तर दारावरच्या शिपायानं भाला आडवा धरला. "ए! राजवाडा आहे हा. कोण तू?"

आता बोला! आजाच पुसला, तर बाप कुठून येणार? आणि बाप नाही, तर हा कुठला?

अबुग्रे रडत रडत अपोकाच्या दारी गेला. तिथे सगळ्या बायका भांडी घासत बसल्या होत्या. कुणी ओळखलं नाही. अपोकानं मान वर केली आणि म्हणाली, "ये, अबुग्रे. बस."

तिनं कसं ओळखलं त्याला? अगं, भिंत पाडली तरी तिच्या डोक्यातली भिंत कुठे पाडली होती कुणी?

मग तिनं बायकांना सगळं सांगितलं. तशा बायका उसळल्या. "चांगली अद्दल घडली! राहू दे याला असाच. आपली भिंत पाडली मेल्यानं! तू गप्प बस अपोका, की हा कधी झालाच नव्हता."

खरंच, गप्प बसली असती तर? एक शब्द बोलायचा नव्हता, नुसतं बसायचं होतं.  अबुग्रेला कळलं होतं, आता आपण आहोत की नाही ते या म्हातारीच्या हातात आहे.

अपोका उठली. म्हणाली, "माणूस पुसायचं काम याचं. माझं नव्हे. माझ्या आजीनं पोटचे दोन मुलगे गमावले, तरी त्या पळपुट्याला भिंतीवरून गाळलं नाही. मी याला गाळू? चला गं, माती भिजवा!"

मग काय! बायका पुटपुटत उठल्या. अबुग्रेनं पाणी वाहिलं, शेणाच्या पाट्या उचलल्या, पायांनी चिखल तुडवला. वाकडा तुकडा पाडून बायकांनी नवा लिंपला. अपोकानं आजीनं काढलं होतं तसंच काढलं. पाठमोरा राजा, पडलेली ढाल. शेवटची रेघ ओढली, आणि शेजारी बाप उमटला, दारात पाय रोवून.

"बघ नीट," अपोका म्हणाली. "तुझा बाप रोज या पळपुट्याच्या समोरून जायचा. मी असा नाही होणार, म्हणायचा. म्हणून त्या दिवशी उभा राहिला. तू याला पुसलंस, तर त्याच्या उभं राहण्याचं कारणच पुसलंस."

तेवढ्यात आतून हाक आली, "अबुग्रे! अरे, जेवायला ये की!" आईच ती. राजा ढसाढसा रडला. रडू दे, बरं असतं ते.

पण अपोकानं कुंचला खाली ठेवला नव्हता. भिंतीवर पुढची जागा मोकळी होती. ती राजाच्या नावाची.

"माझं काय काढणार, आजी?" राजानं भीत भीत विचारलं. 'म्हातारे'चं 'आजी' झालं होतं बघा एव्हाना.

"केलंस ते."

आणि तिनं काढलं. एक राजा, हातात बादली, भिंत पुसायला निघालेला. त्याच्या शेजारी तोच राजा, डोक्यावर शेणाची पाटी. दोन्ही काढली हो तिनं, एकही गाळलं नाही.

राजा लाल झाला. कान लाल, नाक लाल.  मग म्हणाला, "आजी, ते पहिलं... ते पुसता नाही का येणार?"

अपोकानं त्याच्या हातात ओला बोळा दिला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बघ की पुसून."

राजानं बोळा खाली ठेवला. मग आधी तो हसला, मग बायका हसल्या, मग अख्खं तियाकरा हसलं. पुढे राजानं पुष्कळ वर्षं चांगलं राज्य केलं, आणि पाहुणे आले की ते चित्र स्वतः दाखवायचा.

त्यांची भिंत वाळली, माझा घसा वाळला. सगळे तिकडे सुखात आहेत, तुम्ही इकडे सुखात झोपा. डोळे मीट गं, जागी आहेस ते दिसतंय मला.