भाषणाचा खडक

डोहाच्या मधोमध काळा खडक दिसतो ना पाहुणे, तो आमच्या गावचा भाषणाचा खडक. आता त्यावर एक बगळा उभा आहे. आमच्या कित्येक पुढाऱ्यांपेक्षा त्याची मजल मोठी.

पूर्वी हा डोह दरसाल एक बळी घ्यायचा, असे सांगतात. गावचे थोर लोक काय करत? काठावर नारळ फोडत, 'डोहाची इच्छा' म्हणत आणि खोबरे चघळत घरी जात. येसबा भोयाची बहीण बुडाली तेव्हाही त्यांनी नारळच फोडला. येसबाने मात्र वाळलेले भोपळे गोळा केले, ते पोरापोरींच्या पाठीला बांधले आणि चाळीस वर्षे गावाला पोहायला शिकवले. तेवढ्या काळात डोहाला एकही माणूस मिळाला नाही म्हणे.

थोरांना त्याची आठवण झाली ती तो सत्तरीला टेकल्यावर. डोहाकाठी मांडव पडला, शाल आली. नागोजी पाटील दुपारपासून बोलत होते. येसबांचे कार्य, येसबांचा वारसा, आणि तो आम्ही प्राणपणाने जपू! स्वतः पाटलांनी घंगाळापलीकडचे पाणी कधी अंगाला लावले नव्हते. शेवटी येसबाच उठला.

"शाल ऱ्हाऊ द्या, पाटील. माझा दम सरला आता. माझ्यामागं पोरांस्नी कोण शिकवनार, तेवढं सांगा."

पाटील शालीची घडी नीट करू लागले. वारसा सगळ्यांना हवा होता, भोपळा कोणालाच नको होता.

"मग सुचंल तवा तिथं येऊन सांगा," असे म्हणून म्हातारा पाण्यात उतरला आणि पोहत जाऊन त्या खडकावर बसला. उन्हे कलली. त्याला धाप लागलेली काठावरून दिसत होती. थोर मंडळी तिथूनच हात जोडून उभी राहिली. हात जोडायला काय लागते! आणि पाटील विचारत होते, ही शाल आता कोणाच्या खांद्यावर घालायची?

तेव्हा पाटलांची नात ठकू पदर खोचून पाण्यात शिरली. सोळा वर्षांची पोर, घरच्यांच्या नकळत येसबाकडे पोहायला शिकलेली. "मागं फिर!" पाटील ओरडले. ती फिरली नाही. खडकावर चढून एवढेच बोलली, "आबा, उद्यापासनं मी शिकवती."

येसबाने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिथेच डोळे मिटले, असे सांगतात.

आजही येसबाच्या पुण्यतिथीला मांडव पडत नाही. ज्याला त्याचे गुण गायचे असतील त्याने पोहत खडकावर जायचे आणि उद्यापासून आपण काय करणार, तेवढेच सांगायचे. मागल्या साली एक बडे पुढारी आले. होडी मागू लागले. आम्ही भोपळा दिला. घोटाभर पाण्यात उभे राहून फोटो काढला आणि गेले. पोरांना ठकूची पणती शिकवते, आणि डोह अजून उपाशीच आहे.

तुम्हीही हार घेऊन आलात, दोन शब्द बोलायचेत म्हणालात. बोला की. चपला इथे काढा.