राजाकडे पाठ

फार मागे, जंगलात माणसाची वाट नव्हती तेव्हा, काळभोर नावाचा रेडा रानम्हशींच्या कळपाचा राजा होता. वाघ आला की रेडे शिंगं बाहेर रोखून रिंगण धरत. आत म्हशी, पारडी आणि राजा निर्धास्त असत.

एकदा काळभोर डुरकला, "राजाकडे पाठ करता? तोंडं माझ्याकडे करा. कोणाच्या मनात काय आहे ते मला दिसलं पाहिजे."

रेडे मुकाट आत वळले. वाघाचं फावलं. तो मागून येऊन एकेकाला ओढून नेऊ लागला.

"मागे बघत असणार. फितूरच तो," राजा दर वेळी म्हणे.

मग चांदी म्हशीचा मुलगा गेला. ती म्हणाली, "माझा पोर मागे वळला नाही, म्हणूनच गेला. बाबांनो, फिरा बाहेर."

रेडे फिरले. शिंगं बघून वाघ आल्या वाटेने परतला. कितीतरी दिवसांनी पारडी निवांत दूध पिऊ लागली.

काळभोरला मात्र त्या हुकुमानंतर आज पहिल्यांदाच सगळ्यांच्या पाठी दिसल्या. वाघाच्या नखांनी फाडलेल्या, काही अजून ओल्या.

चांदी शांतपणे म्हणाली, "महाराज, रिंगणात एक जागा रिकामी आहे. माझ्या पोराची."